बेस घेताय? दिसण्यावर भाळा, पण आधी बेल्ट लावून उभे राहा

माझा पहिला बेस गिटार मी निव्वळ दिसण्यावर घेतला, हे आधीच सांगून टाकतो. सेकंडहँड होता, काळा कुळकुळीत, अंगाला चारी बाजूंनी टोकं, हेडस्टॉक (लांब दांड्याच्या, म्हणजे नेकच्या, टोकाचं डोकं, जिथे तारा पिळायच्या चाव्या असतात) एवढा मोठा की शिवकालीन शस्त्रांच्या प्रदर्शनात टांगला असता तर कोणाला शंका आली नसती. विकणाऱ्याच्या घरी सोफ्यावर बसून पाच मिनिटं वाजवला, भारी वाटलं, पैसे दिले, मित्राच्या अ‍ॅक्टिव्हावर मागे बसून घरी आणला. संध्याकाळी प्रॅक्टिसला पहिल्यांदा बेल्ट लावून उभा राहिलो आणि दोन गाण्यांच्या मधे नाक खाजवायला डावा हात सोडला तर नेक धाडकन खाली, हेडस्टॉक सरळ ड्रमरच्या सिंबल स्टँडवर. सगळे हसले, मीही हसलो. पण मग पुढची दोन वर्षं माझा डावा हात हमालीच करत होता, आधी नेक उचलून धरायचा आणि जी काय ताकद उरेल त्यात सूर वाजवायचे. बेसचा ब्रँड सांगत नाही, कारण दोष त्याचा नाहीच, मी घ्यायच्या आधी उभा राहून बघितलं नाही हा दोष.

तरीपण "दिसण्यावर जाऊ नका, आवाज बघा" असलं काही मी सांगणार नाहीये. जो सांगतो तो स्वतः घरी सनबर्स्ट रंगाचा बेस कुरवाळत बसलेला असतो. बेस आवडला पाहिजे, कोपऱ्यात उभा असताना येताजाता नजर गेली पाहिजे, तरच हात जातो आणि हात गेला तरच रियाज होतो. फक्त एवढंच आहे की बेसमधे आकार म्हणजे नुसता शो नसतो. सहा तारांच्या गिटारला कुठलाही आकार दिला तरी एकवेळ चालून जातं, पण बेसचा नेक लांब, चाव्या जड, त्यामुळे शिंग, म्हणजे बॉडीचं नेककडे पुढे आलेलं टोक, दोन इंच इकडे की तिकडे यावर तुमचा खांदा, मनगट आणि पाठ ठरते.

ते कसं ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं यावरच आहे. बेल्ट दोन बटणांना अडकतो, एक मागे बुडाला आणि एक पुढे वरच्या शिंगाच्या टोकाला. हा झाला तराजू. एका पारड्यात बॉडी, दुसऱ्यात नेक, हेडस्टॉक आणि चार चाव्या. वरचं शिंग लांब असेल, म्हणजे साधारण १२व्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) समोर त्याचं टोक येत असेल, तर तराजू बहुतेक वेळा सरळ राहतो. शिंग आखूड असेल तर नेककडचं पारडं खाली जातं, यालाच सगळे नेक डाइव्ह म्हणतात. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तेव्हा वरचं शिंग असं पुढे ओढलेलं ठेवलं ते उगाच स्टाइल म्हणून नाही, एवढ्या लांब नेकला तोलायला ते लागतंच. आज आपल्याला तो आकार "नॉर्मल" वाटतो, म्हणजे बेस म्हटलं की डोळ्यासमोर तोच येतो, पण त्या वेळी लोकांना तो विचित्रच वाटला असणार.

आता दुसरी गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. आखूड शिंगामुळे नुसता नेक पडतो असं नाही, अख्खा बेसच तुमच्या डावीकडे सरकतो, कारण बेल्टचं बटण तुमच्या छातीसमोर साधारण एकाच जागी येतं आणि पहिला फ्रेट त्या बटणापासून जितका लांब तितका तुमच्यापासून लांब. म्हणजे दोन्ही बेसच्या तारांची लांबी सारखीच, ३४ इंच, पण एकात पहिला फ्रेट हाताशी आणि दुसऱ्यात टोकाला हात ताणून, खांदा उचलून पोचायचं. माझ्याकडे शिकायला येणारी कितीतरी पोरं "सर माझा हात लहान आहे हो" म्हणत येतात. हात कसला लहान, बटण चुकीच्या जागी आहे!

हाताचा विषय निघालाच आहे तर स्केलचं गणितही करून टाकू. स्केल म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती जागा) तारेची वाजणारी लांबी. फेंडर पद्धतीची ३४ इंच, शॉर्ट स्केल म्हणजे ३० च्या आसपास, पाच तारांच्या काही बेसवर ३५. ३४ इंचीवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत अंतर पडतं साधारण ५.१ इंच आणि ३० इंचीवर ४.५. वाचायला अर्धा इंच काहीच नाही, पण करंगळीला विचारा. उंची कमी असेल, वय बारा-तेरा असेल, किंवा मनगटाचं जुनं दुखणं असेल तर शॉर्ट स्केल बघायला अजिबात लाजू नका, ते "लहान मुलांचं" वगैरे काही नसतं. जॅझवाला स्टॅन्ली क्लार्क चांगला उंचापुरा माणूस, डबल बेसही (उभा धरायचा मोठा, व्हायोलिनसारखा) वाजवणारा, आणि त्याचा नेहमीचा अलेम्बिक कंपनीचा बेस शॉर्ट स्केल आहे. उलट आपल्या मुंबईची मोहिनी डे बघा, अंगाने लहानखुरी आणि वाजवते पाच-सहा तारांचे मोठे बेस. त्यामुळे अंगकाठी बघून फॉर्म्युला काढता येत नाही, लावून बघणं हाच उपाय.

आता एकेक आकार घेऊ, पण सगळे घेत बसत नाही, जे आपल्याकडे दुकानात नाहीतर सेकंडहँडमधे हाताला लागतात तेवढेच.

प्रिसिजन आणि जॅझ, म्हणजे पी आणि जे, हे दोन आकार कोणाच्याही अंगावर बसतात. पहिला पी बेस सपाट फळीच होता, १९५४ मधे त्याला पोटाकडून आणि हाताकडून तासून गोलाई दिली, आणि मी म्हणेन बेसच्या इतिहासात पोटासाठी एवढं चांगलं कोणी काही केलं नाही. १९६० चा जॅझ बेस कंबरेत तिरका आहे, वरची खाच आणि खालची खाच समोरासमोर नाहीत, दिसायला सडपातळ. नेक नटपाशी जेमतेम ३८ मिलिमीटर रुंद, पी बेसचा ४१-४२ असतो. लहान तळव्याला जॅझचा नेक आवडतो, पण जॅझची बॉडी थोडी मोठी असते आणि वजनातही कधीकधी जास्त भरते, तेव्हा नेक बघून खूश झालात तरी खांद्याला विचारा. या आकारांच्या स्वस्त कॉप्या सगळीकडे मिळतात आणि आकार तोच असल्यामुळे तोलही बऱ्यापैकी तसाच असतो, हा एक मोठाच फायदा.

थंडरबर्ड. आहाहा. १९६३ साली गिब्सनने काढला आणि आकार काढून दिला रे डीट्रिक नावाच्या मोटारी डिझाइन करणाऱ्या माणसाने, ते दिसतंच, गाडीच्या मागच्या पंखासारखं अंग आहे. स्टेजवर यापेक्षा देखणा बेस नाही असं मला आजही वाटतं. पण वरचं शिंग जवळपास नाहीच, नेक लांब, त्यामुळे बेल्टवर नेक जमिनीकडे निघतो. गिब्सनच्याच एसजी गिटारच्या आकाराचे जे बेस आहेत त्यांचंही तेच, पण क्रीम बँडचा जॅक ब्रूस वाजवायचा तो ईबी-३ किंवा त्याच्या कॉप्या ३० इंची असतात म्हणून जरा निभावतं. हे घेऊच नका असं नाही, पण घेताना खर्चात एक रुंद बेल्ट धरा आणि मनाची तयारी ठेवा.

रिकनबॅकर आपल्याकडे फारसा दिसत नाही, कॉप्या दिसतात. आकार म्हणजे लाट आल्यासारखा, लाखात एक. पण बॉडीची कड सरळ कापल्यासारखी असते, वर बाइंडिंगची पट्टी, आणि तासाभराने उजव्या हाताच्या कोपराखाली लाल रेघ उठते. बायंडिंगवाला बेस कुठलाही असो, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून वाजवून बघा, फुल शर्टात कळत नाही.

व्हायोलिन बेस, म्हणजे हॉफनर. पॉल मॅकार्टनीने १९६१ मधे हॅम्बर्गला घेतला, स्वस्त होता आणि दोन्ही बाजूंनी सारखा होता, आणि तो डावखुरा, त्यामुळे उलटा धरला तरी वेडंवाकडं दिसत नव्हतं. बघा, म्हणजे बेसच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध आकार एका माणसाने "मला हा शोभेल का" या प्रश्नावरून निवडलाय. (तोच बेस १९७२ मधे चोरीला गेला आणि २०२४ मधे परत मिळाल्याची बातमी आली, पन्नास वर्षांनी!) आतून पोकळ, अडीच किलोच्या आतबाहेर, स्केल ३० इंच. नेक थोडा खाली येतो पण मुळात वजनच नाही त्यामुळे त्रास होत नाही. डावखुऱ्या मंडळींना मात्र आपल्याकडे खरा प्रॉब्लेम आहे, दुकानात लेफ्टी बेस उभा दिसणं म्हणजे लॉटरीच. मग लोक उजवा बेस उलटा करून तारा बदलतात, तेव्हा वरचं लांब शिंग खाली जातं, आखूड वर येतं, तोल गेला आणि नॉब कोपराला लागतात ते वेगळंच. असं करायचंच असेल तर दोन्हीकडून सारख्या आकाराचा बघा.

आयबनेझचा एसआर, १९८७ पासून चालू आहे, पातळ बॉडी, लांब बारीक शिंगं, सडपातळ नेक. कॉलेजच्या बँडमधे दर दुसऱ्या पोराकडे हाच किंवा याची स्वस्त जीएसआर आवृत्ती असते, आणि त्याला कारण आहे, अंगाला चिकटून बसतो. बारीक अंगाच्या माणसाला, पोरींना, ज्यांना उभं राहून तीन तास वाजवायचंय त्यांना मी आधी हाच लावून बघायला सांगतो. त्यांचाच मिक्रो नावाचा २८.६ इंची आहे, तो अगदी लहान मुलांना. दिसायला एसआर मला जरा सपक वाटतो, सगळे सारखेच दिसतात, पण ते माझं मत.

टोकदार मेटलवाले, वॉरलॉक, फ्लाइंग व्ही वगैरे. उभ्याने ठीक, बसून वाजवणं म्हणजे सर्कस, व्हीचं टोक मांडीवरून घसरतंच. आणि विचार करा की तुम्ही वाजवणार कुठे. आमच्याकडे एकजण अभंगाच्या फ्युजनला असला चार शिंगांचा लालभडक बेस घेऊन आला होता, वाजवला सुंदर, पण पहिल्या रांगेतल्या आजी पूर्ण कार्यक्रमभर विठ्ठलाकडे नाही, त्या शिंगांकडे बघत होत्या. ऑर्केस्ट्रा, लग्नाची रिसेप्शन्स, भक्तिसंगीत असं मिश्र काम करायचं असेल तर साधा आकार आणि शांत रंग कामं मिळवायला मदत करतो, आवडो न आवडो.

हेडलेस हा वेगळाच प्रकार. नेड स्टाइनबर्गर मूळचा फर्निचर बनवणारा, त्याने आधी स्पेक्टर कंपनीसाठी १९७७ मधे पोटाला बिलगेल अशी वाकडी बॉडी काढली आणि मग थेट हेडस्टॉकच उडवला. डोकंच नाही तर पडणार काय! लांबीही सहा-आठ इंच कमी होते. साधा बेस टोकापासून टोकापर्यंत ४६ इंच भरतो, हा पाठीवर घेऊन लोकलमधे चढून बघा, हेडस्टॉक दारातल्या दांड्याला तरी लागतो नाहीतर मागच्याच्या चष्म्याला. स्कूटरवर तर अंडरपासखाली आपोआप मान खाली जाते. प्रवास जास्त असेल तर हेडलेसचा विचार जरूर करा, फक्त तारा कुठल्या लागतात ते आधी विचारा, काहींना दोन्ही टोकांना गोळीवाल्या तारा लागतात आणि त्या ऐनवेळी कुठेच मिळत नाहीत. बाकी एक असतं, काही लोकांना हेडलेस बघूनच कसंतरी होतं, अर्धवट राहिल्यासारखा वाटतो, आणि ते कारणही चालतं.

हे झालं बेसच्या अंगाचं. आता आपल्या अंगाचं, त्यावर कोणी बोलत नाही. पोट असेल, आणि माझं आहे, तर सपाट पाठीचा बेस पोटावर बसून वरच्या बाजूने आपल्याकडे आणि खालून पुढे असा तिरका होतो, मग फ्रेटबोर्ड आकाशाकडे. बघायला छान, सगळे फ्रेट दिसतात, पण मनगट दुप्पट वाकतं. पाठीमागून पोटाकडचा भाग खोल तासलेला असेल तर बेस सरळ राहतो, दुकानात बेस उलटा करून हात फिरवून बघा. बायकांना जाड, चौकोनी वरची कड छातीवर दाबते, एका विद्यार्थिनीने मला हे सांगितलं तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, तिला शेवटी पातळ बॉडीचा बेस आणि बेल्ट एक इंच खाली असं जमलं. खांदे अरुंद किंवा उतरते असतील तर वजन आधी बघा. घरी बॅग तोलायचा हुकवाला काटा असतो ना विमानप्रवासाचा, तो खिशात टाकून घेऊन जा, दुकानदार हसेल, हसू दे. चार किलोच्या आत असेल तर आनंद, साडेचारच्या वर गेला तर परत ठेवा, मग तो कितीही देखणा असो. एकाच मॉडेलचे दोन बेस अर्ध्या किलोने वेगळे भरू शकतात, लाकूड आहे ते.

हलका म्हणजे चांगला असंही नाही हां. बॉडी फार हलकी आणि चाव्या जड असल्या की पुन्हा नेक खाली. हलका पण तोललेला, हे पाहिजे.

आणि बसून. आपण घरी रियाज कुठे करतो, खुर्चीत? छे, गादीवर नाहीतर सतरंजीवर मांडी घालून. परदेशी व्हिडिओवाले सगळे स्टुलावर बसून सल्ले देतात, मांडीचं कोणी सांगत नाही. मांडी घातली की उजवा गुडघा वर येतो आणि बेसची खालची खाच त्या मांडीवर टेकते. जॅझच्या तिरक्या कंबरेत ही खाच जरा मागे असल्यामुळे बेस डावीकडे सरकतो, पी तेवढा सरकत नाही, व्हायोलिन बेस पोकळ आणि फुगीर म्हणून डगडगतो, आणि स्टाइनबर्गरची मूळ बॉडी तर काडेपेटीएवढी, तिला मांडीवर टेकायला घडीचा पाय दिलेला असतो. तेव्हा दुकानात चक्क खाली बसा. मी बसतो. सुरुवातीला लाज वाटते. बसल्यावरही बेल्ट लावून ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतात, आणि बसून-उभ्याने बेसची उंची सारखी राहते, जे शिकणाऱ्याला फार महत्त्वाचं.

बेल्ट किती खाली हा पण दिसण्याचाच भाग. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस भारी दिसतो यात वाद नाही, न्यू ऑर्डर बँडच्या पीटर हुकने करिअर केलं त्यावर. पण तो बराचसा वरच्या फ्रेटवर वाजवायचा. तुम्ही पहिल्या चार फ्रेटवर ऑर्केस्ट्राची गाणी वाजवणार असाल तर डावं मनगट काटकोनात वाकतं, आणि ते दुखायला लागलं की महिना-दीड महिना बेस बंद. उलट लेव्हल ४२ बँडचा मार्क किंग छातीवर बांधतो, स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवायला) सोयीचं, दिसायला काहींना टायसारखं वाटतं. बॉडीचा मध्य बेंबीच्या थोडा वर, इथून सुरुवात करा आणि आरशात बघत हळूहळू खाली आणा, जिथे मनगट कुरकुरेल त्याच्या एक भोक वर थांबा.

आवाजाचं म्हणाल तर भरीव लाकडी बेसमधे आकाराचा आवाजावर फरक नगण्य, पिकअप (तारेचा कंप पकडणारा चुंबक) कुठे बसवलाय, कुठल्या तारा, स्केल किती, बोटं कशी, हे सगळं त्याच्या कितीतरी आधी येतं. पी पीसारखा वाजतो तो मुख्यतः पिकअपमुळे. पोकळ बेसचं वेगळं, तिथे आतली हवा बोलते, तो हॉफनरचा ठप्प-ठप्प गोल आवाज बराचसा त्या पोकळ अंगातूनही येतो. डबल बेसचं तर अजूनच वेगळं, तिथे खांदे उतरते असतात कारण वरच्या सुरांना हात खांद्यावरून पुढे न्यावा लागतो, आणि बहुतेक मोठी माणसंही थ्री-क्वार्टर साइजच वाजवतात, फुल साइजच्या नादी लागू नका.

दुकानात काय करायचं ते सलग सांगतो. जो बेस डोळ्यात भरलाय तोच आधी मागा, उगाच शहाणपणा नको. तुमचा स्वतःचा बेल्ट लावा, उभे राहा, दोन्ही हात हळूच सोडा, पण नेकखाली तळवा धरून, नाहीतर "तोडलं तर घेतलं" होईल. नेक जागेवर राहिला किंवा थोडा वर राहिला तर पास. मग पहिल्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार दाबा, खांदा उचलला जातोय का बघा. मग शेवटच्या फ्रेटपर्यंत जा, खालचं शिंग तळव्याला अडवतंय का. उजवा हात कडेवर ठेवून दहा मिनिटं, खरीखुरी दहा, घड्याळ लावून, एकच सोपी लाइन वाजवत राहा. दहाव्या मिनिटाला शरीर जे सांगतं ते पहिल्या मिनिटाला कधीच सांगत नाही. मग खाली बसा. मग सोबतच्याला फोटो काढायला सांगा, आणि हो, फोटो पण महत्त्वाचा, साडेपाच फुटाच्या माणसावर मोठ्या बॉडीचा पाच तारांचा बेस कधीकधी दरवाजा धरल्यासारखा दिसतो आणि ते आरशात कळत नाही.

रंगाचं दोन ओळीत. काळ्या ग्लॉसवर बोटांचे ठसे आणि ओरखडे दोन्ही दिसतात, पांढरा वर्षांनी पिवळसर होऊ शकतो, लाकडी मॅट सगळं लपवतो. मुंबई-कोकणाच्या घामात नेकची पाठ ग्लॉस असेल तर अंगठा चिकटतो, सॅटिन बघा.

आणि आधीच घेऊन बसला असाल, नेक पडतोय, पण विकवत नाही कारण दिसतो फार सुंदर, तर उपाय आहेत. पहिला, तीन इंच रुंद बेल्ट, आतून खरखरीत सुएडचा, गुळगुळीत नायलॉनचा नाही. निम्मे बेस एवढ्यावर शांत होतात. दुसरा, हलक्या चाव्या, लांब नेकच्या टोकाला थोडं वजन कमी झालं तरी पारडं फिरतं, पण पैसे जातात. तिसरा, पुढचं बटण हलवणं, एसजी आकाराला नेक बॉडीला जोडतो त्या बुडख्यावरून काढून वरच्या शिंगाच्या मागे नेलं की बराच फरक पडतो. मागच्या बाजूला शिशाची वजनं चिकटवणारेही असतात, ते करू नका, नेक सावरतो पण खांदा जातो. आणि बटण हलवायचं तर गिटार रिपेअरवाल्याकडे न्या, घरच्या ड्रिलने भोक पाडू नका. मी पाडलं होतं, तिरकं गेलं, पुढून अर्धा इंच बाहेर आलं. त्यावर स्टिकर लावलाय.